काळोखातले दोन ठिपके

लंडनमध्ये म्हणे घरामागच्या बागेत रात्री कोल्हे येतात आणि यजमान चहा घेत त्यांचे फोटो काढतात. आमच्या ठाण्यात घरामागे बाग नसते, पार्किंग असतं. हौस मात्र तेवढीच. शिवाय खाडीकाठच्या कांदळवनात सोनेरी कोल्हा खरोखरच राहतो. (लंडनचा तो आपल्या खोकडाचा भाऊबंद, आपला कोल्हा लांडग्याच्या गोतावळ्यातला. ग्रुपवर हे लिहिलं की लोक ग्रुप म्यूट करतात.) खेकडे, उंदीर खातो, काकडीला राजी असतोच, हल्ली आपण फेकलेल्या बिर्याणीलाही.

परवा सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. सगळा काळोख, त्यात दोन हिरवे ठिपके, खाली फोनच्या कंपनीचं नाव मात्र ठळक. सेक्रेटरी म्हणाले, कोल्हा. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, बिबट्या. वॉचमन म्हणाला, "साहेब, आपला मोत्या आहे तो." बहुमत बिबट्याला मिळालं. काकांचंही खोटं नाही. २०१९च्या फेब्रुवारीत ठाण्यातल्या मॉलमध्ये बिबट्या शिरला होता, २०२२च्या नोव्हेंबरात कल्याण पूर्वेतल्या इमारतीत. मॉलमधल्याला नीट टिपलं ते सीसीटीव्हीने. त्याला ना लाइक मोजायचे होते, ना "अजून जवळ जा" म्हणणारा मेहुणा होता.

तेव्हा कोल्हा दिसलाच तर फ्लॅश मारू नका, बिस्किटं टाकू नका. आणि मोत्याला रेबीजची लस टोचून घ्या; कुत्र्यांचा तो रोग कोल्ह्यांनाही होतो.