चि. बंडू (आता सौ.) हिस खुले पत्र

चि. सौ. बंडू हिस,
अनेक आशीर्वाद.

मायना लिहितानाच पेन अडखळले. दीड वर्षापूर्वी प्लास्टिकच्या पिशवीतून तुला घरी आणले तेव्हा तू नुसता ‘चि.’ होतास. ‘सौ.’ कधी झालीस ते कळवलेही नाहीस. आमंत्रण राहू दे, निदान पेढे? क्लाउनफिशच्या जातीत सगळे आधी नर असतात आणि जोडीत जो दांडगा ठरतो तो मादी होतो, हे मला ठाऊक असते तर नाव तरी विचार करून ठेवले असते. आमच्या ऑफिसात बढती मिळाली की फक्त खुर्ची बदलते.

पत्रास कारण की, चिंटू. गेले आठ दिवस तो हीटरमागे, वरच्या कोपऱ्यात, अंग चोरून उभा आहे. शेपटीची खालची कड कुरतडलेली. दाणे पडले की तो जरा तोंड बाहेर काढतो, आणि तू फिल्टरच्या स्पंजवरून सुटतेस ती टक-टक करत थेट त्याच्या अंगावर. हा आवाज तू जबडे आपटून, दातावर दात वाजवून काढतेस, असे वाचल्यापासून काच पुसायला हात घालताना माझाच हात थरथरतो. परवा अंगठ्याला चावलीस, त्याचा उल्लेख मी मोठ्या मनाने टाळतो.

समुद्रात तुझ्या नात्यातल्यांचे सगळे भांडण एका समुद्रफुलावरून असते. त्याच्या विषारी दोऱ्यांत राहिले तर मोठे मासे वाटेला जात नाहीत. इथे समुद्रफूल नाही, मोठा मासाही नाही. तरी त्या स्पंजला तू वाडवडिलांची इस्टेट समजतेस. दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट टाकी, दगड-वाळू जाऊन पन्नास लिटरही पाणी उरत नाही. लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ मी तोलून घालतो. दादरची चौपाटी घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि मी समुद्राचे मीठ बादलीने विकत आणतो! शेजारच्या काकांनी यावर वर्षभर विनोद केले.

एक कबुलीही देतो. चिंटू पहिल्यांदा तुझ्यासमोर आडवा होऊन थडथड कापला, तेव्हा मला वाटले फिट आली. दुकानातून औषध आणून ओतले. त्यात तांबे होते. तीन गोगलगायी हकनाक गेल्या. मागाहून समजले की तो मुजरा होता. ‘तुम्ही थोर, आम्ही लहान’ एवढेच त्याचे म्हणणे. आणि मुजरा चालू होता तोवर तुमचा संसार बरा होता, हेही मान्य करायला हवे.

बिघडले ते माझ्या हौसेपायी. तुम्हा दोघांना मी पडद्याचे कापड निवडावे तसे एका मापाचे निवडले, जोडी शोभावी म्हणून. २००३ साली, निमोचा सिनेमा आला त्याच वर्षी, पीटर बस्टन या संशोधकाने पापुआ न्यू गिनीतल्या तुझ्या भाऊबंदांविषयी लिहिले होते की खालच्या नंबरचा मासा आपली वाढ आवरून धरतो, वरच्याहून लहानच राहतो. लहान राहिला तर घरात ठेवतात, बरोबरीला आला तर हाकलतात. समुद्रात हाकलले तर जायला निदान जागा असते. चिंटूला मी भरपूर खाऊ घातले, तो अंगाने भरला, आणि आता तुझ्या डोळ्यांत सलतो. हाकललास तरी तो जाणार कुठे, हीटरमागे!

तुला दुकानात परत द्यावे असेही मनात आले. पण तू गेलीस की काही आठवड्या-महिन्यांत हाच थरथरणारा चिंटू मादी होणार, आणि त्याच्यासाठी आणलेल्या नव्या पोराची शेपटी कुरतडणार. मग त्याच्याही नावाने असेच पत्र. शिवाय तुला पुन्हा ‘चि.’ होता येत नाही. तुमच्यात ही वाट एकेरी आहे.

आई म्हणाली, “तिला चार दिवस माहेरी पाठव.” म्हणून काल रात्री दगडांची जागा बदलली आणि तुला प्लास्टिकच्या चाळणीत घालून चाळणी टाकीच्या कडेला अडकवली. तिथून तुला सगळे दिसते, करता काही येत नाही. आज सकाळी चिंटू तब्बल अर्धा फूट खाली उतरला, स्पंजपाशी जाऊन आला, आणि चाळणीसमोर आडवा होऊन कापला. तू भोकातून त्याच्याकडे बघत होतीस. काय ठरले ते दोघांनी मला कळवावे.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
पाणी बदलणारा

ता. क. : चाळणी आईची आहे. रविवारी पोहे आहेत.