उजवीकडे झुकलेला चेंडू

माझे विचार डावीकडे झुकलेले आहेत. माझा गोल्फचा चेंडू मात्र कट्टर उजवा. ड्रायव्हर नावाच्या क्लबने मारला की आधी दाखवण्यापुरता डावीकडे निघतो आणि मग उजवीकडच्या झाडीत शिरतो. याला स्लाइस म्हणतात. हा दोष बहुतेक हौशी खेळाडूंना असतो हे कळल्यावर मला धीर यायला हवा होता, आला राग. निदान आपला दोष तरी चारचौघांसारखा नसावा!

कारण साधं आहे. क्लब खाली आणताना आधी कंबर वळायला हवी. माझा उजवा खांदा घाईने पुढे घुसतो. क्लब बाहेरून आत येतो, त्याचं तोंड उघडं राहतं, चेंडूला तिरकी फिरकी बसते आणि पुढचं काम हवा करते.

हवेवरून आठवलं. 1971 साली अपोलो 14 मोहिमेत अ‍ॅलन शेपर्ड यांनी मातीचे नमुने गोळा करायच्या दांड्याला सिक्स आयर्नचं डोकं बसवलं आणि चक्क चंद्रावर गोल्फ खेळले. अंतराळपोशाख इतका अवजड, की एका हाताने मारावं लागलं. लगेच पृथ्वीवरून सहकाऱ्याने शेरा मारला, हा तर स्लाइस दिसतोय! अहो, चंद्रावर हवाच नाही, चेंडू वळेल कशाने? एवढ्या लांब जाऊनही माणसाला टोमणे चुकत नाहीत. पण माझा चेंडू वळणार नाही अशी एक जागा आहे म्हणायची. मेंबरशिपचं तेवढं बघायला हवं.

तोवर रेंजवर सराव. चेंडूच्या जरा पलीकडे क्लबचं हेडकव्हर ठेवायचं. क्लब बाहेरून आला की ते उडतं. माझं हेडकव्हर छान सरळ जातं.

शेवटी आमचे कॅडी मामा म्हणाले, "साहेब, चेंडू कुठे गेला ते मी बघतो. तुम्ही फक्त मारा."

एवढे व्हिडिओ पाहिले, एकानेही हे सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "मामा, मारून दाखवा." त्यांनी आधी आजूबाजूला कुणी बघत नाही ना, ते पाहिलं. मग माझाच ड्रायव्हर, आणि चेंडू फेअरवेच्या मधोमध. लगेच क्लब पुसून माझ्या हातात. 1991ची इंडियन ओपन जिंकणारे अली शेर एके काळी दिल्लीत कॅडीच होते. आणि इथे या माणसाला एक फटका चोरून मारावा लागतो, बॅग मात्र उजळ माथ्याने वाहायची. त्या दिवशी माझं खेळात लक्ष लागलं नाही.

हल्ली मी अर्धाच स्विंग घेतो, सावकाश, आधी कंबर. मान वर करत नाही.

"किती लांब गेला, मामा?"

"सापडेल एवढा, साहेब."