आई जी

आमच्या आईला नोएडातली माणसं शेवटपर्यंत पोलीस अधिकारी समजत होती, आणि त्यात तिचा काडीचा दोष नव्हता. दोष 'जी'चा.

दिल्लीत 'जी' हा भाजीवरच्या कोथिंबिरीसारखा असतो. मागावा लागत नाही, वरून फुकट पडतो. सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरांत मी खालून 'आई!' म्हणून ओरडलो की वरच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटी गॅलरीत येऊन विचारायच्या, 'कौन आई?' कुणी येत नाही, ही घरातच असते, हे त्यांना उलगडायला दोन वर्षं गेली. उलगडल्या क्षणी 'जी' पडला. बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही यमुना ओलांडून नोएडात आलो, तेव्हा झेलम एक्सप्रेसने पुण्याहून येणाऱ्या गोड्या मसाल्याच्या बरणीबरोबर हे नावही आलं.

गेटवर कामवाली, दूधवाला, इस्त्रीवाला सगळे एकच पत्ता सांगायचे, 'आई जी के यहाँ.' गोंड्याहून नवा आलेला गार्ड हे आठवडाभर ऐकत होता. आठव्या दिवशी त्याने माझ्या जुन्या मारुतीला कडक सलाम ठोकला. नोएडा पडलं उत्तर प्रदेशात. तिथे आयजी म्हणजे पोलिसांतला केवढा साहेब, हे गोंड्याच्या माणसाला समजावावं लागत नाही.

खरं सांगायला मी काच खाली केली होती. पण तो असा ताठ उभा होता की म्हटलं, आज राहू दे, उद्या सांगू. हा 'उद्या' आठ महिने चालला. मी भाषांतरकार आहे. तीस वर्षांत मला सलाम सोडा, वेळेवर मानधनही कुणी दिलं नाही. आता माझ्या पार्किंगमध्ये कुणाची गाडी लागेना. प्लंबर दहा मिनिटांत हजर. मी गेटपाशी मान किंचित, अगदी किंचित हलवायला शिकलो. लिफ्टच्या आरशात पोट आत घेऊन सरावही केला.

दिवाळीत आई लाडवांचा डबा घेऊन स्वतः गेटवर गेली आणि म्हणाली, 'मैं आई जी. ये लो, बेसन का है.' मला वाटलं, संपलं. गार्डने त्या पावणेपाच फुटी बाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला सगळं लख्ख कळलं. त्याने तिला सलाम ठोकला. त्या दिवसापासून मी नुसता 'आई जी का लड़का'.

तिला तो हुद्दा मानवला. चुकीच्या जागी लावलेल्या गाड्या ती काठीने दाखवायची. हिंदी मात्र सगळं मराठीतूनच यायचं. एका जूनमध्ये, दोन दिवस पाणी नसताना, टँकरवरून बादली भरून वर आणणाऱ्या मुलाला ती म्हणाली, 'बालटी खाली रखो.' त्याने इमानाने ती मोरीत रिकामी केली. मी चिडून त्या मुलासमोरच खाली आणि ख़ाली यांतला फरक तिला समजावू लागलो, नुक्त्यासकट. ती ऐकत राहिली. मुलगा गेल्यावर म्हणाली, 'तुझं हिंदी बरोबर आहे रे. पण तुझ्याशी बोलतं कोण?'

हे मला लागलं. अजून लागतं. चारचौघांत मी तिची किती वाक्यं दुरुस्त केली, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. तिने ठेवला असणार. आणि दुरुस्त करताना तिच्या चुकीची नाही, मला माझी लाज वाटायची. इतकी वर्षं दिल्लीत राहून आपली आई अजून 'तिखट है क्या' विचारते, याची. भाजीवाला मात्र तिला आधी मिरची चाखायला द्यायचा, मग तोलायचा.

फेब्रुवारी २०२५मध्ये तालकटोऱ्याला साहित्य संमेलन भरलं, १९५४नंतर दिल्लीत पहिल्यांदाच. व्हीलचेअर घेऊन मी तिला नेलं. माझ्या पिशवीत माझ्याच पुस्तकाच्या दहा प्रती होत्या, कुणी विचारलं तर असाव्यात म्हणून. अध्यक्ष तारा भवाळकर आहेत कळल्यावर तिने पदर नीट केला, जणू तिलाच बोलायचंय. बाजीराव १७३७मध्ये इथवर आला होता, ही माहिती मी जरा मोठ्यानेच दिली, पुढच्या रांगेलाही ऐकू जावी अशी.

'आला आणि गेला,' आई म्हणाली. 'मी १९६३ला आले ती परत गेलेच नाही. मग मोठं कोण?'

पुढची रांग हसली. दोघी वळून तिच्याशी गप्पा मारायला लागल्या, सासर कुठलं, माहेर कुठलं, आमसुलं कुठून आणता. दहाच्या दहा प्रती मी घरी आणल्या.

मे महिन्यात ती गेली. तेराव्याला कुणाकुणाला जेवायला घालायचं याची यादी मी केली होती. आली ती माणसं यादीत नव्हती. टँकरचा तो मुलगाही आला. आता तो दाढी राखतो.

गेल्या महिन्यात सोसायटीने एजन्सी बदलली. नवा गार्ड पोरसवदा आहे. जुन्याने जाताना त्याला काय काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे. मी आत शिरताना तो उभा राहिला.

'सर, आई जी साहब आजकल कहाँ पोस्टेड हैं?'

माझं हिंदी नुक्त्यासकट बरोबर आहे. पण शब्द सापडायला वेळ लागला.

'तबादला हो गया,' मी म्हणालो.

'दूर?'

लिफ्ट आली होती. मी आत शिरलो. आरसा समोरच होता. पोट आत घ्यायचं राहून गेलं.