इमारतीपुढे उभे राहण्याचे शास्त्र

कोणतेही शास्त्र आरंभताना विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी आधी सांगाव्यात, असा आपल्याकडे दंडक आहे. तो मोडण्याचे कारण नाही.

विषय : कलकत्त्याच्या साहेबी वस्तीतल्या, म्हणजे लालदिघी ते व्हिक्टोरिया मेमोरियल या टापूतल्या इमारतींचे फोटो काढणे. प्रयोजन : आपण जाऊन आलो, हे सोसायटीला कळवणे. संबंध : इमारत आणि फोटोतला मनुष्य यांचा, तो शेवटपर्यंत जुळत नाही. अधिकारी : दार्जिलिंगला किंवा गंगासागरला जाता-येता कलकत्त्यात ज्याला एक दिवस मोकळा मिळाला आहे, असा कोणीही मराठी मनुष्य.

पूर्वपक्ष. फोटो इमारतीचा काढतात, असे काही भोळे लोक मानतात. हे मत टिकणारे नाही. इमारतींची चित्रे हवी असती तर ती केव्हाचीच तयार आहेत. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम यांनी १७८६ ते १७८८ या काळात कलकत्त्याची १२ दृश्ये छापली. १८५० च्या दशकात फ्रेडरिक फीबिगने या शहराचे फोटो काढून वर हाताने रंगवले. १८६३ मध्ये सॅम्युअल बोर्न हिंदुस्थानात आला. त्या काळी काचेवर ओले रसायन पसरायचे, ते सुकायच्या आत फोटो काढायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत शिरून काच धुवायची. त्यामुळे साहेब फोटोला निघाला की मागून तंबू, काचा, बाटल्या आणि हमाल यांची रांग निघे. त्याच्या नावाचा ‘बोर्न अँड शेफर्ड’ स्टुडिओ कलकत्त्यात २०१६ पर्यंत टिकून होता. एवढा खटाटोप होऊनही या सर्व चित्रांत एक मोठी उणीव राहिलीच : त्यांत आपली मंडळी नाहीत.

सिद्धान्त. फोटो माणसाचा असतो. इमारत साक्षीला असते. प्रमाण हवे असल्यास सहल झाल्यावर महिन्याभराने कोणालाही त्याचाच फोटो दाखवून ‘ही कुठली इमारत?’ असे विचारावे. ‘ते नाही का, तिथे हिची चप्पल तुटली,’ असे उत्तर येते. १८१३ चा टाउन हॉल, १८६८ चे जनरल पोस्ट ऑफिस आणि १८७२ चे हायकोर्ट या तिन्ही इमारती चप्पल तुटण्याच्या बाबतीत एकमेकींच्या जागी चालतात, असे दिसून येते.

दोषप्रकरण. दोष मुख्यतः तीन. पहिला शिरोदोष. व्हिक्टोरियाच्या घुमटावर १६ फुटी ब्राँझची परी आहे. वाऱ्याबरोबर फिरावी अशी तिची बसवणूक केलेली. फोटोत मात्र ती वाऱ्याकडे लक्ष न देता थेट माणसाच्या टाळूवर उतरते.

“अहो, परी आली का?”

“आली. पण तुझ्या डोक्यातून उगवलीय.”

“मग सरका ना जरा.”

“सरकलो तर घुमट जातो.”

मधोमध उभे राहण्याचा हट्ट हे या दोषाचे मूळ. दोन पावले बाजूला झाल्यास तो जातो. पण दोन पावले बाजूला झाल्यास पैसे फिटल्यासारखे वाटत नाही.

दुसरा वाहनदोष. त्याचे पीठ रायटर्स बिल्डिंग. लाल रंगाची ही लांबलचक इमारत कंपनीच्या कारकुनांसाठी बांधली, आणि माथ्यावर विद्येची देवी मिनर्व्हा बसवली. २०१३ मध्ये राज्य सरकारचा कारभार इथून हावड्याच्या नबान्नमध्ये गेला. सरकार गेले, समोरच्या मिनीबस गेल्या नाहीत.

तिसरा परहस्तदोष. ग्रुपमध्ये सगळेच हवेत, म्हणून मोबाइल येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती दिला जातो. कलकत्त्यात हा येणारा-जाणारा बहुधा रसिक निघतो. तो मंडळींना बरेच मागे नेतो, मान तिरकी करून बघतो, एक ट्राम जाऊ देतो आणि इमारत संपूर्ण, माणसे मुंगीएवढी, असा सुरेख फोटो काढून देतो. तो वळणावर दिसेनासा होताच फोटो डिलीट करण्याची रूढी आहे.

काल-दिक्‌प्रकरण. मुंबई आणि कलकत्ता यांच्या रेखांशांत साडेपंधरा अंशांचे अंतर आहे, म्हणजे सूर्याचा तासाभराचा फरक. जुन्या काळी दोन्ही शहरे आपापली स्वतंत्र वेळ पाळत. आता घड्याळ एक झाले, सूर्य झालेला नाही. डिसेंबरात कलकत्त्याला पाचच्या आत सूर्यास्त होतो. आपला यात्रेकरू दुपारची झोप आणि चहा उरकून मुंबईच्या हिशेबाने निघतो व काळोखाचा फोटो काढतो. याहून गहन प्रश्न दिशेचा. व्हिक्टोरियासमोर सगळे उभे राहतात ते उत्तरेच्या अंगाला, राणीच्या पुतळ्यापाशी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला. म्हणजे जो संगमरवर मकराण्याहून आणला तो नेमका सावलीत, आणि पुढचे कुटुंब काळवंडलेले. उजेड असतो तो मागच्या, दक्षिणेच्या अंगाला. तिथून पुढे गेले की जगदीशचंद्र बोस रोड लागतो. हा जुन्या सर्क्युलर रोडचा भाग, आणि सर्क्युलर रोडचा उगम मराठा खंदकात आहे. नागपूरकर भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून आले, तेव्हा १७४२ मध्ये कलकत्तेकरांनी शहराभोवती तो खणायला घेतला. खंदक अर्धवट राहिला, मराठेही कलकत्त्यापर्यंत पोचले नाहीत. पुढे १७९९ मध्ये त्याचा बराच भाग बुजवला. मराठे आले ते नंतर, टूर कंपनीबरोबर, आधार कार्ड घेऊन. त्यांनी पूर्वजांची दिशा धरली असती तर फोटो उजळ आले असते. परंतु टूरची बस उत्तरेच्या गेटवर लागते.

आक्षेप आणि परिहार. इमारतीला केवळ साक्षीला उभे करणे हा तिचा अपमान नव्हे काय, असे कोणी म्हणेल. नव्हे, कारण बांधणाऱ्यांचा हेतूही हाच होता. १८०३ चे राजभवन डर्बीशरच्या केडल्स्टन हॉलवरून उतरवले. हायकोर्ट बेल्जियममधल्या ईप्रच्या कापडबाजारावरून. सेंट पॉल कॅथीड्रलचा मनोरा १९३४ च्या भूकंपात पडला, तर नवा बांधला तो कँटरबरीच्या मनोऱ्यावरून. दमट हवेत, घामाघूम होऊन, विलायतेचा देखावा मागे लावून साहेब दीडशे वर्षे त्यापुढे उभा राहिला, ते ‘आम्ही इथवर आलो’ हे दाखवायलाच. आपण त्याच देखाव्यापुढे दहा मिनिटे उभे राहतो. भेद मुदतीचा आहे, तत्त्वाचा नाही. आणि आपण निघताना जागा मोकळी करून देतो.

फलश्रुती. जो यात्रेकरू हे प्रकरण निघण्यापूर्वी भक्तिभावाने वाचील, त्याच्या टाळूवर परी उतरणार नाही, त्याच्या कुटुंबाआड मिनीबस येणार नाही, त्याला परतीच्या गाडीत ‘डोळे मिटलेला कशाला ठेवलात?’ असे ऐकावे लागणार नाही. ग्रुपवर टाकलेले त्याचे शंभर फोटो कोणी उघडून पाहील, असे आश्वासन मात्र कोणत्याही शास्त्राला देता येत नाही. अंगठे येतील.