टेबलावर केळणा आणण्याची रीत

सर्वप्रथम निळ्या रंगाची बाटली उचला आणि शेजारच्या मुलांना देऊन टाका. त्यांना आकाश रंगवायचं असतं. तुम्हाला नदी करायची आहे, आणि दख्खनच्या नदीत, त्यातही पावसाळ्याच्या अखेरीस, निळं असं काही नसतं. इंचभर उंचीचे सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्या नवशिक्यांची पहिली नदी हमखास निळी, हमखास सरळ आणि हमखास टेबलाच्या मधोमध जाणारी असते. तिला नदी म्हणत नाहीत. तो रंगवलेला रस्तादुभाजक झाला.

आता लढाई निवडा. शिकायला असई उत्तम. तारीख २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा आर्थर वेलस्ली. जागा आजच्या जालना जिल्ह्यातली, भोकरदनच्या पूर्वेला. दक्षिणेकडून केळणा, उत्तरेकडून तिला येऊन मिळणारी जुई, आणि दोघींच्या बेचक्यात रणांगण. एका लढाईत दोन नद्या आणि वर एक संगम शिकून होतो. बेचकं उगमाच्या दिशेला उघडतं एवढं ध्यानात ठेवा. उलटं केलंत तर एका नदीच्या दोन होतात आणि बघायला आलेला पाहुणा विचारतो, हा त्रिभुज प्रदेश का? भोकरदनला समुद्र नाही.

मापाचं गणित कागदावर एकदाच करा, मग कागद फाडून टाका. दोन नद्यांमधली जागा अंदाजे मैलभर. ती १२० सेंटिमीटरच्या टेबलावर बसवली तर, पात्र ४० मीटर रुंद धरून, नदी ३ सेंटिमीटरची होते. म्हणजे तुमचा २८ मिलिमीटरचा शिपाई आडवा पडला की तिच्यावर पूल तयार. उलट, शिपायाच्या मापाने नदी करायला गेलात (२८ मिलिमीटर म्हणजे साधारण १:५६) तर तीच नदी ७० सेंटिमीटरच्या वर जाते आणि लढाई बाल्कनीत खेळावी लागते. म्हणून सगळे गपचूप १० सेंटिमीटर धरतात आणि त्याबद्दल चारचौघांत बोलत नाहीत. तुम्हीही बोलू नका.

मग काठ. इथे घाई करू नका, कारण नदी म्हणजे काठच. पाणी ही नंतर ओतायची गोष्ट. नवशिके रेझिनवर पैसे उडवतात आणि काठाला दुपारचा अर्धा तास देतात. असईत जुईचे काठ इतके उभे होते की त्यांनी रणांगणाची एक बाजूच बंद करून टाकली. टेबलावर ती भीती दिसली पाहिजे. पाया एमडीएफचा घ्या, त्यावर दाट फोमची पट्टी. साधं थर्माकोल घेतलंत तर त्याचे दाणे पुढच्या दिवाळीपर्यंत घरभर सापडतील, आणि त्यावर डब्यातला स्प्रे मारलात तर काठच विरघळून जाईल. त्याला धूप म्हणतात, पण ती आपल्याला इतक्या लवकर नको.

वळण काढताना बाहेरचा काठ कटरने उभा कापा, कारण पाणी तिथे आदळतं आणि माती खातं. आतला काठ उतरता ठेवा, तिथे वाळू साठते. कापलेल्या कड्यावर फेव्हिकॉल लावा आणि चाळलेली माती दाबा. काळ्या मातीचा कडा हवा असेल तर फोम कापण्याऐवजी जागोजागी बोटाने तोडा. तुटलेली कड ओबडधोबड राहते, वरचा थर किंचित पुढे झुकतो, आणि खाली पडलेले तुकडे तिथेच चिकटवले की कालच दरड ढासळल्यासारखी वाटते. आतल्या वळणाला चहाच्या गाळणीतून वाळू टाका. ही गाळणी पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही, हे घरच्यांना आधी सांगा. वापरलेली चहापूड वाळवून टाकली की पाणी ओसरल्यावरचा पालापाचोळा होतो. मात्र ती कडक उन्हात वाळवा, नाहीतर त्या पाचोळ्याला खरोखरची बुरशी येते. काथ्याचे तुकडे उभे खोवले की लव्हाळी.

रंग: मधे गडद तपकिरी, त्यात चिमूटभर हिरवा, काठाकडे फिकट मातकट. खोली रंगानेच येते, रेझिनने नाही.

रेझिन तरीही ओतायचंच असेल तर ओता. ६० सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि ३ मिलिमीटर जाड थराला १८० मिलिलिटर लागतं. दोन भागांचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं. अंदाजपंचे घातलंत तर नदी जन्मभर चिकट राहील आणि माश्या धरील. हातमोजे घाला, खिडकी उघडा. त्याआधी पाणसळ लावून टेबल तपासा. रेझिन इतिहास मानत नाही, फक्त गुरुत्वाकर्षण मानतं, आणि नदीच्या टोकाला रेझिन अडवायला लावलेली चिकटपट्टी सैल असेल तर रात्रीत केळणा फरशीवर येते. जुईला नुसतं ग्लॉस व्हार्निश पुरे. स्वस्त, आणि तेवढंच ओलं दिसतं.

शेवटी उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं होतं की इथे उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं तर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं समोरासमोरच्या काठांवर. इतकी जवळची गावं एकमेकांकडे जाणं-येणं न ठेवता वसत नाहीत, एवढ्या तर्कावर त्याने फौज नेली आणि उतार निघाला. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमन याने तिथे पहारा ठेवला नव्हता.

अडचण अशी, की तुमच्या घरी पोलमन होऊन खेळणाऱ्या मित्राने हे सगळं वाचलेलं असतं. पहिल्याच चालीत तो सगळ्या तोफा उतारावर रोखतो आणि सरबत मागतो. तेव्हा गावांच्या तीन जोड्या मांडा, प्रत्येकीतून गुरांची वाट पाण्यात उतरवा, वाटेवर काठ खुरांनी तुडवलेला दाखवा. कुठला उतार खरा ते आधी ठरवू नका. इंग्रजांकडून खेळणारा पाण्यात शिरला की फासा टाका; पाच किंवा सहा पडले तर पाणी कमरेइतकं. नाहीतर त्याच्या तोफा मधोमध रुतल्या, आणि त्या ओढायला बैल लागतात, जे सैनिकांच्या पाकिटात सहसा येत नाहीत, वेगळे मागवावे लागतात.