बेंचवर कोण आहे?

प्रोजेक्टची टीम विचार करून निवडतात, अशी मॅनेजमेंटच्या पुस्तकांची गोड समजूत आहे. हिंजवडीत टीम गोळा करतात. मॅनेजर फोन लावतो आणि एकच प्रश्न विचारतो, "बेंचवर कोण आहे?" म्हणजे सध्या कुठल्याच प्रोजेक्टवर नसलेला, रिकामा कोण? जो आहे तो आपला. त्याला जावा येतं का, ही चौकशी नंतर. येत नसेल तर "शिकेल की!" हे अगदी बिनकामाच्या मुलाचं लग्न ठरवताना "लागेल की नोकरी!" म्हणणाऱ्या आत्याच्या सुरात.

आम्ही सुरुवातीला ५ जण होतो. बरं चाललं होतं. म्हणजे एकजण कोड लिहायचा, दुसरा त्याला नावं ठेवायचा आणि तिसरी दोघांचं ऐकून घेऊन गुपचूप दुरुस्त करायची. तारीख हुकणार असं दिसताच वरून आणखी ७ माणसं आली. आयबीएमच्या ओएस/३६० चा गाडा ओढलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय, की रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी रखडतो. हिशोब शाळेतला आहे : ५ जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या १०, तर १२ जणांत ६६. म्हणजे गैरसमजालाही ६६ वाटा. ब्रुक्स यांचं पुस्तक आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये आहे. त्यावर धूळ नसते, कारण हाउसकीपिंगच्या मावशी ते रोज पुसतात.

नव्या सातांत तीन आर्किटेक्ट निघाले. तिघंही अफाट हुशार, त्यामुळे टेबलांची नावं एकवचनात ठेवायची की अनेकवचनात, यावर अख्खी दुपार गेली. इंग्लंडात हेन्लीच्या मॅनेजमेंट कॉलेजात मेरेडिथ बेल्बिन यांनी मुद्दाम हुशार-हुशार माणसं निवडून टीम बनवून पाहिल्या होत्या. इतर टीमशी स्पर्धेत त्या बहुतेक वेळा मागे पडल्या. एकमेकांच्या मुद्द्यातली खोट काढण्यातच त्यांचा दम संपायचा. बेल्बिन यांना त्यासाठी प्रयोग करावा लागला. आमच्याकडे नुसतं कॅलेंडर इनव्हाइट पाठवलं की होतं.

टीम जमत नाही म्हटल्यावर एचआरने टीम बिल्डिंग काढलं. मुळशीच्या बाजूचं रिसॉर्ट, सगळ्यांना एकाच मापाचे टी-शर्ट, गार पोहे आणि रस्सीखेच. आता मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावूनच तर टीमचं बिंग फोडलं होतं! १९१३ मध्ये त्याने छापलेल्या आकड्यांनुसार, आठ जण मिळून ओढतात तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याच्या जोराच्या निम्म्यावर येतो. एकाच वेळी हिसका बसत नाही, हे एक कारण. पण १९७४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी यावर कडी केली. डोळे बांधलेल्या माणसाला सांगितलं, तुझ्या मागे आणखी लोक ओढताहेत. मागे कुणीच ओढत नव्हतं. तरी पठ्ठ्याने हात सैल सोडला!

मुळशीत आमच्या सर्वांत ज्येष्ठ आर्किटेक्टना मी शेजारून पाहिलं. मान मागे, दात आवळलेले, कपाळाची शीर फुगलेली, तोंडाने "हैशा, हैशा." दोर मात्र त्यांच्या मुठीतून सुखाने पुढे-मागे सरकत होता. 'बेस्ट टीम स्पिरिट'चा मग त्यांनाच मिळाला. ऑफिसात याच कलेला सीसी म्हणतात. मेलवर बारा नावं असली की बाराही जण दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघतात.

काम हललं ते टेस्टिंगच्या एका सांगलीकर मुलीमुळे. मीटिंग संपता संपता, लोक लॅपटॉप मिटत असताना ती विचारायची, "म्हणजे हे नक्की कोण करणार? आणि कधीपर्यंत?" खोलीत एकदम सगळ्यांना फोन यायचे. ती पेन उघडून थांबायची. शेवटी कुणीतरी पडलेल्या आवाजात "बरं, लिही माझं नाव" म्हणायचा, आणि ती खरंच लिहायची, तारखेसकट. दोन-चार मीटिंगांनंतर लोक नाव लिहिलं जाण्याच्या भीतीने आधीच काम करून यायला लागले. माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टची टीम बांधणी एवढीच झाली, आणि तिला रिसॉर्ट लागलं नाही.

अप्रेझलमध्ये तिला शेरा मिळाला, "टीममध्ये मिसळून वागण्यास वाव आहे." मग दुसऱ्या प्रोजेक्टवर हलवलं. तिच्या जागी तिघं येताहेत, म्हणजे आम्ही १४, जोड्या ९१. दोघांना अजून अ‍ॅक्सेस नाही, पण सीसीमध्ये तिघंही आलेत.