शिऱ्याचा धाक

आमच्या सोसायटीत परवा सत्यनारायण झाला. समोरच्या फ्लॅटमधले काका, साखर 280, डॉक्टरांच्या बापाला घाबरत नाहीत. पण तुपाने ओथंबलेल्या शिऱ्याचा द्रोण पुढे येताच हात जोडून म्हणाले, "प्रसादाला नाही म्हणू नये," आणि द्रोण चाटूनपुसून साफ केला.

बिचाऱ्यांचे काय चुकले? आत्ताच कथा ऐकली होती. कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावली, तर तो नावेसकट दिसेनासा झाला. तुंगध्वज राजाने गवळ्यांचा प्रसाद टाळला, तर त्याचे शंभर मुलगे गेले. बापाने शिरा खाल्ला नाही यात पोरांचा काय गुन्हा, हे पोथीला विचारायची पद्धत नाही.

याच कथेत साधुवाणीही आहे. नावेत काय आहे, असे दंडी संन्याशाने विचारले. वाण्याने धन लपवले आणि म्हणाला, "वेली नि पाने." तसेच होवो, म्हणाला संन्यासी, आणि खरोखर वेली-पानेच उरली. थोडक्यात, खोटे विवरणपत्र भरल्याचा दंड! हा भाग चालू असताना मी मंडळींकडे पाहत होतो. निम्म्यांनी फ्लॅट 'थोडे चेकने, थोडे रोख' घेतलेले. कुणाच्या कपाळावर आठी नाही. सेक्रेटरी मोबाइलवर मॅचचा स्कोअर बघत होते.

जिन्यातही तेच. पिचकाऱ्या थांबाव्यात म्हणून भिंतीला देवांच्या टाइल्स लावल्या आहेत. साईबाबांपासून गणपतीपर्यंत भिंत स्वच्छ. गणपतीच्या पुढे वीतभर अंतरावर पुन्हा लाल. भीतीने भक्ती करणारा माणूस देवाची हद्द आधी मोजून घेतो.

तिकडे पंढरपूरला बघा. विठोबाचे दोन्ही हात कमरेवर, मारायला मोकळा एकही नाही. तरी आळंदीहून अडीचशेच्या आसपास किलोमीटर लोक पावसात चालत जातात. नाही गेलात तर नाव बुडेल, अशी धमकी त्यांना कुणी दिल्याचे ऐकिवात नाही.

असो. लिफ्टच्या दुरुस्तीचा हिशेब मी गेले वर्षभर मागतो आहे. खजिनदार म्हणतात, "बघू मार्चनंतर." पूजेचा हिशेब मात्र दुसऱ्याच दिवशी नोटीस बोर्डावर लागला. विड्याच्या पानांसकट.